कोलूवरचा जपानी सेनापती

तंजावरच्या राजाचं मुंडकं माझ्या हातून उडालं तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात कॉफी होती, आणि ती सांडली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या सकाळी माझ्याकडून नीट पार पडलेली तेवढी एकच गोष्ट.

राजा मातीचा होता. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे अम्मांच्या, माहेरून आलेला. वीतभर उंची, डोक्यावर पगडी, झुपकेदार मिशा आणि तारेवर बसवलेली डोलणारी मान. पंख्याचा वारा लागला की ती 'टिक टिक' करत डोलायची. नवरात्रात आमच्याकडे कोलू असतो. घरात पायऱ्या रचायच्या, त्यांवर देव आणि बाहुल्या मांडायच्या, संध्याकाळी आयाबायांना बोलवायचं, त्यांना गाणं म्हणायला लावायचं आणि विडा नि वाटीभर सुंडल (हरभऱ्याची उसळच ती) देऊन परत पाठवायचं. वरच्या पायऱ्यांवर देव, त्यांच्याखाली मधोमध आमचा राजा. विजयादशमीच्या संध्याकाळी अम्मा त्याला स्वतःच्या हातानं आडवं करतात, थोपटून निजवतात, आणि मग कोलू उठतो. त्या वेळी त्यांचे डोळे भरून येतात. आईची आठवण येत असावी. घरातलं कोणी तेव्हा त्यांच्याशी बोलत नाही.

कोलूचा एक कडक नियम आहे. एकदा कलश बसला की पायरीवरची बाहुली विजयादशमीपर्यंत हलवायची नाही. जरासुद्धा नाही. हा नियम ध्यानात ठेवा, कारण याच नियमानं मला वाचवलं आणि यानंच मला गोत्यातही आणलं.

आता माझ्याविषयी. मी मूळचा सांगलीचा. श्रीपेरुंबुदूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागलो आणि चेन्नईच्याच सुगुणाशी लग्न केलं. सुगुणाचे पूर्वज कधीकाळी मराठा राजांबरोबर तंजावरला आले आणि परत जायचं विसरले. पश्चिम मांबळमच्या त्यांच्या घरात आम्ही तिघं राहतो. अम्मा मला 'माप्पिळे' म्हणतात, म्हणजे जावईबापू. मात्र त्या अशा सुरात म्हणतात, की माझी नेमणूक अजून कायम झालेली नाही असं वाटावं.

कंपनीची बस मांबळमहून श्रीपेरुंबुदूरला पोचेपर्यंत माणसाचं एक वय उलटतं. त्या वेळात मी जपानी अ‍ॅनिमे मालिका पाहतो. नुसत्या पाहत नाही, माझी मतंही असतात! आणि ती मी शेजारच्या सीटवरच्याला सांगतो. (म्हणूनच शेजारची सीट सहसा रिकामी असते.) नुकतीच एक पाहिली, भुतांच्या खानावळीची. सुरुवात झकास, पण पुढे प्रत्येक भागात कोणीतरी सूपचा घोट घेतं आणि ढसाढसा रडतं. अरे, आमच्या कँटीनच्या रसमवर मीही रडलोय, पण म्हणून कोणी मालिका काढली नाही! दुसरी एक यंत्रमानवांच्या शाळेची. चित्रं अशी की पावसाचा थेंब न् थेंब वेगळा काढलेला. गोष्ट मात्र थेंबभरही नाही.

आणि तिसरी, 'सातवी मशाल'. हिनं घात केला.

या मालिकेचा नायक सेनापती हारुमोन. एका डोळ्यावर पट्टी, कमरेपर्यंत पांढरे केस, जमिनीवर लोळणारा जांभळा झगा. काळ्या किल्ल्याचा सरदार हारुमोनच्या धाकट्या भावाला ठार मारतो, म्हणून तो डोंगराडोंगरावर मशाली पेटवून सैन्य जमवतो. काय सुरुवात! काय पार्श्वसंगीत! मी जवळजवळ प्रेमात पडलो होतो. कारखान्यात आलेल्या एका जपानी पाहुण्याला माझं हे वेड कळलं, तर परत जाताना त्यानं मला हारुमोनचा फूटभर उंच पुतळाच भेट दिला. आणि त्यानंतर मी शेवटचा भाग पाहिला.

"तुला सांगतो सुगुणा, फसवणूक आहे ही!" कोलू मांडून झाला होता, कलश बसला होता. अम्मा देवळात गेल्या होत्या. सुगुणा हरभरे भिजत घालत होती आणि मी कॉफी पीत मतं मांडत होतो. "शत्रू समोर उभा. यानं तलवार उगारली. आणि उगारून काय, तर पूर्ण एक भाग तसाच उभा! लहानपण आठवतोय! भावाबरोबर पेरू चोरले ते आठवतंय! शत्रूनं तोवर काय करायचं, केस विंचरायचे?"

"मग मारतो का शेवटी?"

"तेच तर! मारत नाही! तलवार म्यानात घालतो आणि घरी जातो. मी असतो तर सांगतो काय केलं असतं..."

दाराशी छत्री होती. मी ती उचलली. अशी वर नेली आणि अजिबात विचार न करता, पेरू वगैरे न आठवता, सपकन फिरवली.

'टक्' असा आवाज झाला. राजाचं मुंडकं सुगुणाच्या डोक्यावरून गेलं, भिंतीवर आपटलं आणि हरभऱ्याच्या पातेल्यात पडलं.

"अय्यो!" सुगुणा ओरडली. मग पातेल्यात हात घालून तिनं मुंडकं बाहेर काढलं. त्याचे दोन तुकडे झाले होते. नाकाचा टवका आणखी कुठेतरी होता. "काय केलंस रे हे! अम्मा आता येईल!"

"धड शाबूत आहे," मी म्हणालो. (संकटात मी नेहमी चांगली बाजू पाहतो.)

खरंच, धड पायरीवर जसंच्या तसं उभं होतं. फक्त वर काही नव्हतं. विजयादशमीला अम्मा कोणाला थोपटणार? बिनडोक्याच्या राजाला?

"काहीतरी पुढे ठेव," सुगुणा म्हणाली. "सीक्रम, लवकर! चप्पल वाजली बघ जिन्यात!"

घरात त्याला झाकेल एवढी एकच वस्तू होती. मी धावत जाऊन हारुमोनला आणलं. सुगुणानं जुन्या रेशमी साडीची जरीची किनार त्याच्या खांद्यावरून सोडली, रिबिनीचा फेटा बांधला आणि मी त्याला राजाच्या पुढ्यात उभं केलं. झगा इतका ऐसपैस होता, की मागचं धड पार झाकून गेलं. त्या जपानी पाहुण्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.

अम्मांना मोतीबिंदू आहे. ऑपरेशन दसऱ्यानंतर ठरलं होतं. त्या कोलूपुढे बसल्या, मान तिरपी केली आणि म्हणाल्या, "राजापुढं कोण की उभा आहे, माप्पिळे?"

"नवी बाहुली, अम्मा! दरवर्षी एक नवी हवी ना? मी आणली. राजाचा सेनापती आहे."

"राजा दिसत नाही की."

"मागे आहे. सेनापती पुढे, राजा मागे. युद्धाची पद्धत आहे तशी."

सुगुणानं कपाळाला हात लावला. अम्मा मात्र खूश दिसल्या. "जावयानं बाहुली आणली म्हणून अवघ्यांस सांगते," त्या म्हणाल्या. "आमच्यात नवी बाहुली जो आणतो, त्यानंच तिची कथा सांगायची, बरं का. संध्याकाळी बैसा आणि सांगा."

आता हलवता येईना, लपवता येईना. कलश बसलेला!

संध्याकाळी बायका जमल्या. त्यांत सुगुणाची रुक्मिणी अत्या होती. ती निवृत्त गणित शिक्षिका, तिच्या नजरेतून डास सुटत नाही. खालच्या मजल्यावरच्या जानकी मामीही होत्या. मामी तमिळ, पण इतकी वर्षं शेजारी राहून आमचं मराठी त्यांना आमच्यापेक्षा बरं कळतं.

"हा एकडोळ्या कोण पां?" अत्यानं पहिलाच बाण सोडला.

"सेनापती हरिमानराव," मी ठोकून दिलं. "तंजावरच्या दरबारातले."

"केस पांढरे आणि तोंड पोराचं?"

"भावाच्या दुःखानं एका दिवसात पिकले."

बायका हळहळल्या. मला हुरूप आला. मी सांगायला लागलो, आणि काय सांगू, अंगात संचारलं! मालिकेत जे जे मला खटकलं होतं ते सगळं मी काढून टाकलं. डोंगरावर गुरूकडचं ते लांबलचक शिक्षण गेलं. मल्लांच्या स्पर्धा गेल्या. सारखं सारखं बालपण आठवणं गेलं. नुसता मालमसाला! मशाली पेटत होत्या, घोडे दौडत होते, अत्यानं सुंडलचा घास हातातच धरला होता. जानकी मामी तर उठताना म्हणाल्या, "उद्या लवकर सुरू करा हां, मी कुकर आधी लावून येते."

त्या दिवशी मला वाटलं, जपान्यांना हे इतकं साधं का सुचलं नसेल?

ते का, हे दुसऱ्या दिवशी कळलं. फालतू भाग कापल्यामुळे दुसऱ्याच संध्याकाळी हरिमानराव काळ्या किल्ल्याच्या दारात जाऊन पोचले! नवरात्र तर आत्ता कुठे सुरू झालं होतं. खोली भरलेली. लोक गाणं म्हणायचं टाळून कथेला येत होते. कथा संपली असती तर सगळ्यांची नजर पुन्हा बाहुलीवर गेली असती, आणि बाहुलीवरून मागे.

"आणि मग," मी घाम पुसत म्हणालो, "किल्ल्याच्या दारात हरिमानरावांना बालपण आठवलं."

दुसरा इलाज नव्हता. तिसरी संध्याकाळ पूर्ण बालपणात गेली. पेरू चोरले. आंबे चोरले. चिंचा चोरल्या. "सेनापती आहे की चोर?" अत्या म्हणाली. चौथ्या संध्याकाळी मी हरिमानरावांना डोंगरावर गुरूकडे पाठवलं. पाचव्या संध्याकाळी मल्लांची स्पर्धा लावली. सहाव्या दिवशी बसमध्ये डोकं खाजवून खाजवून काहीच सुचेना. तेव्हा प्रत्येक अ‍ॅनिमे मालिकेत असतो आणि ज्याला मी आजन्म शिव्या घातल्या तो भाग मी आणला. अख्ख्या सैन्याला समुद्रावर आंघोळीला नेलं. चेन्नईजवळच्या कोवलमला!

"युद्ध टाकून?" अम्मा म्हणाल्या.

"पर्वणी होती."

"शत्रू काय करत होता तेव्हा?" अत्या म्हणाली.

"तोही... आला होता. पर्वणी सगळ्यांनाच असते."

"मासे घेतले का तिथं?" जानकी मामींनी विचारलं. कोवलमचे मासे ताजे असतात म्हणे. त्या स्वतः खात नाहीत, पण माहिती असते.

सातव्या संध्याकाळी कडेलोट झाला. गोष्ट ढकलायला माणूस हवा म्हणून मी मेलेला भाऊ जिवंत केला. तो दारातून आत आला आणि म्हणाला, "दादा!" मला वाटलं होतं, बायका डोळे पुसतील.

"तो मेला म्हणून तुम्हीच सांगिटलात की!" अम्मा ताडकन म्हणाल्या. "पहिल्या दिवशी! मी रडले त्यासाठी!"

"तो... दुसराच मेला होता, अम्मा."

"मग त्या दुसऱ्यासाठी कोण रडणार?"

बसमध्ये अगदी हाच प्रश्न मी किती मालिकांना विचारला होता!

या सगळ्यात मुंडक्याचंही काम चालूच होतं. तुकडे मी डब्यात घालून कारखान्यात नेत होतो. तिथला एक सहकारी अंबत्तूरला मूर्ती जोडणाऱ्या एकाला ओळखत होता, त्याच्याकडून नाक नवं करून घ्यायचं होतं. गेटवर सुरक्षारक्षकानं डबा उघडला.

"सार, इद एन्ना?" हे काय म्हणून त्यानं विचारलं.

"राजा."

त्यानं डब्यात पुन्हा पाहिलं. "बाकीचा?"

"घरी आहे."

त्यानं झाकण हळूच लावलं आणि त्यानंतर तो मला सलाम ठोकू लागला.

नाक छान बसलं. विजयादशमीच्या सकाळी अम्मा न्हाणीघरात असताना मी झग्यामागे हात घालून, बाहुली न हलवता, अंदाजानंच मुंडकं धडावर चिकटवलं. गोंद जबरदस्त होता. इतका जबरदस्त, की मान किंचित वाकडी बसली हे लक्षात येईपर्यंत ती कायमची वाकडी झाली होती. राजा आता शेजारच्या भाजीवालीच्या बाहुलीकडे एकटक बघत होता. डोलणं तर सोडाच!

"अम्माला दिसणार नाही," सुगुणा म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता. माझाही झाला असता, पण मला संध्याकाळी कथा संपवायची होती.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी शेवट माझ्या मनासारखा केला. हरिमानरावांनी तलवार उगारली आणि एक शब्द न बोलता, काही न आठवता, सपकन शत्रूचं मुंडकं उडवलं! समाप्त!

बाहेर रिक्षा गेल्याचा आवाज आला.

"अव्वळवुदाना?" जानकी मामी म्हणाल्या. एवढंच?

तेवढ्यात अम्मा उठल्या. राजाला निजवायची वेळ झाली होती. त्यांनी हरिमानरावांना बाजूला केलं, मागे हात घालून राजाला उचललं. त्यांनी त्याला कानाशी धरून हळूच हलवलं. मग त्याच्या नाकावरून बोट फिरवलं. मानेच्या सांध्यावरून फिरवलं.

"नाक बरं केलंत, माप्पिळे," त्या म्हणाल्या.

"अम्मा, ते... म्हणजे..."

"कलश बैसला त्या दिवसापासून ह्याचा आवाज बंद आहे. मोतीबिंदू माझ्या डोळ्यांत आहे, कानांत नव्हे!"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. सुगुणा पुटपुटली, "मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर हे कथा सांगते का?" अम्मांनी राजाला मांडीवर घेतलं आणि थोपटलं. त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले. "माझी आई अशीच रोज एक कथा सांगत होती, ह्याच्यासमोर बैसून. ती गेल्यावर ह्या कोलूत कोणी कथा सांगिटली नाही. मुंडकं काय, मातीचं होतं. फुटणारच." त्यांनी राजाला आडवं केलं. वाकड्या मानेमुळे तो छान कुशीवर झोपल्यासारखा दिसला. मग अम्मा माझ्याकडे वळल्या. "पण भाऊ जिवंत केलात, ते मात्र मी कधी विसरणार नाही."

इथे संपलं असतं तर मी सुटलो असतो. पण ऑपरेशन झालं, अम्मांना लख्ख दिसायला लागलं, आणि सुगुणानं (बायकोच ती!) त्यांना मूळ मालिका तमिळमध्ये लावून दिली. अम्मांनी ती पहिल्यापासून पाहिली. रुक्मिणी अत्या आणि जानकी मामी सोबतीला. मी बसमधून उतरून घरी येई तेव्हा तिघी सोफ्यावर, आणि मला जमिनीवर जागा.

"डोंगरावरचं शिक्षण किती छान आहे पां!" अत्या म्हणाली. "तुम्ही चुकीच्या जागी घातलंत ते."

"ह्यात कोवलम नाही," जानकी मामी जरा नाराज झाल्या.

शेवटच्या भागाला मी मुद्दाम खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, आता कळेल यांना! हारुमोननं तलवार उगारली आणि तसाच उभा राहिला. पेरू आले. भाऊ आला. पूर्ण भाग तलवार वर. मी अम्मांकडे पाहिलं तर त्या पदरानं डोळे टिपत होत्या.

"अम्मा, पण खरं सांगा, एवढा वेळ तलवार वर धरून कोणी विचार करतं का?"

अम्मांनी चष्म्यातून आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटातल्या वाकड्या मानेच्या राजाकडे.

"करावा की, माप्पिळे. तुम्ही छत्री वर धरून अर्धा भाग जरी विचार केला असतात, तर हा अजून डोलत असता!"

तेव्हापासून छत्री दाराबाहेर असते. मतं मात्र अजून घरातच असतात. बसमध्ये तर शेजारच्या सीटवर आता रोज कोणीतरी येऊन बसतं आणि नवी मालिका निघाली की उत्सुकतेनं विचारतं, "अम्मा काय म्हणाल्या?"